अंटार्क्टिकातल्या भारतीय केंद्रांवरचं राहणं, तेव्हा आणि आता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंटार्क्टिका म्हटलं की पहिला प्रश्न थंडीचा येतो. थंडीवर कपडे आणि हीटर हा उपाय आहे, आणि तो बऱ्यापैकी चालतो. केंद्र चालवणाऱ्यांची झोप उडवणाऱ्या गोष्टी तीन: वाऱ्याबरोबर उडत येऊन साचणारा बर्फ, आग आणि बंद पडलेला जनरेटर. खालची बरीच उत्तरं या तिघांपाशीच येऊन थांबतात.

भारताची केंद्रं कुठे आहेत? आज किती चालू आहेत?

अंटार्क्टिकात वर्षभर माणसं असलेली केंद्रं दोन. शिर्माकर ओअ‍ॅसिस या खडकाळ टापूतलं मैत्री (१९८९ पासून) आणि लार्समन हिल्समधलं भारती (मार्च २०१२ पासून). दोन्ही साधारण ७० अंश दक्षिण अक्षांशाजवळ आहेत, पण त्यांच्यात सुमारे ३,००० किलोमीटरचं अंतर आहे. एकाने दुसऱ्याच्या मदतीला धावून जावं अशी परिस्थिती नाही. पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत उभं राहिलं आणि १९९० मध्ये बंद झालं. उत्तर ध्रुवाकडे स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून हिमाद्री आहे, त्याचा कारभार वेगळा; इथे त्याचा विचार केलेला नाही.

दक्षिण गंगोत्री बंद का करावं लागलं?

ते बर्फात गाडलं गेलं. हे घाईत झालेल्या कामाचं फळ होतं असं अनेकदा म्हटलं जातं, ते अन्यायाचं आहे. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेने एका छोट्या उन्हाळ्यात तयार भाग जोडून ते उभं केलं आणि त्याच वर्षी, १९८४ मध्ये, १२ जणांच्या तुकडीने तिथे पहिला भारतीय हिवाळा काढला. जहाजातून सामान उतरवायला सोपी जागा म्हणून किनाऱ्याजवळची आइस शेल्फ निवडली होती. आइस शेल्फ म्हणजे जमिनीवरून सरकत समुद्रावर आलेला आणि तिथे तरंगणारा बर्फाचा जाड थर.

अडचण तिथेच होती. सपाट बर्फावर एखादी इमारत उभी केली की वारा तिच्यावर आपटतो, तिच्या आडोशाला मंदावतो आणि बरोबर आणलेला बर्फ तिथेच टाकतो. प्रत्येक वादळानंतर ढीग थोडा वाढतो आणि उन्हाळ्यात तो पुरता वितळत नाही. काही वर्षांत दाराशी फावडं मारून भागत नाही, उतरायला बोगदा करावा लागतो. मग छतावर भार येतो, भिंती दाबल्या जातात, दारं-खिडक्या चौकटीत अडकतात. आतल्या उष्णतेने खालचा बर्फ असमान वितळला की जमीनही तिरकी होते. शिवाय आइस शेल्फ स्वतः समुद्राकडे सरकत असते.

हे फक्त आपल्याच बाबतीत घडलं असं नाही. ब्रिटनच्या हॅली केंद्राच्या पहिल्या इमारती एकामागून एक अशाच बर्फाखाली गेल्या. अमेरिकेचं दक्षिण ध्रुवावरचं १९५७ चं केंद्रही गाडलं गेलं.

मग मैत्री आणि भारती कशी टिकली?

दोन्ही उघड्या खडकावर आहेत आणि दोन्ही खांबांवर उचललेली आहेत. इमारतीच्या पोटाखालून वारा गेला की चिंचोळ्या जागेत त्याचा वेग वाढतो आणि साचू पाहणारा बर्फ तो स्वतःच उडवून नेतो. भारतीची इमारत १३४ मालवाहू कंटेनर एकमेकांना जोडून केली आहे आणि त्यावरून वाऱ्याला कापत जाणारं बाहेरचं आवरण चढवलं आहे. कंटेनर आधी आतून तयार करून जहाजाने आणले, म्हणून जागेवरचं काम कमी झालं. ज्या ठिकाणी बांधकामाला वर्षातून मोजके आठवडे मिळतात तिथे हे फार महत्त्वाचं.

जिथे खडक नाही तिथे वेगळी युक्ती लागते. आजचं हॅली केंद्र हायड्रॉलिक पायांवर आहे आणि पायांना खाली स्की आहेत. बर्फाला तडा वाढत चालल्यावर २०१७ पर्यंत ते ओढत सुमारे २३ किलोमीटर आत नेलं.

खांबांमुळे काम संपत नाही, एवढं लक्षात ठेवा. खांबांच्या मध्ये ड्रम, पेट्या, मोडकं सामान ठेवलं की वारा अडतो आणि ढीग सुरू होतो. इमारतीखालची जागा मोकळी ठेवणं हे हिवाळ्याआधीच्या कामांत वरचं काम आहे.

तिथे पोचतात कसे?

पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी पोचली. माणसं २१, प्रवास महिन्याहून जास्त. आज माणसं बहुधा केप टाउनहून विमानाने जातात. साधारण सहा तासांत मालवाहू जेट विमान रशियाच्या नोव्होलाझारेव्हस्काया केंद्राजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं आणि तिथून मैत्री अगदी जवळ आहे.

सामानाला मात्र अजूनही जहाजच लागतं. इंधन, धान्य, सुटे भाग, वर्षाचं सगळं. मैत्रीसाठी ते आइस शेल्फच्या कडेला उतरवून पिस्टनबुली या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांमागे स्लेज लावून सुमारे १०० किलोमीटर आत न्यावं लागतं. वाटेत बर्फाच्या भेगा असतात आणि त्यांवर ताज्या हिमाचं पातळ छप्पर असतं, त्यामुळे त्या दिसत नाहीत. म्हणून ताफा ठरलेल्या, झेंडे लावलेल्या मार्गानेच जातो, गाड्यांत अंतर ठेवतात आणि चाललेल्या पट्ट्याबाहेर कोणी पाय ठेवत नाही. लघवीला उतरलेल्या माणसालाही हा नियम लागू आहे.

वीज आणि ऊब कुठून येते?

जनरेटरमधून. एक चालू, एक तयार, एक दुरुस्तीला मोकळा, अशी किमान मांडणी ठेवतात. डिझेल इंजिन इंधनातली जेमतेम ३५ ते ४० टक्के ऊर्जा विजेत बदलतं, उरलेली उष्णता असते. भारतीत ही उष्णता इंजिनाच्या पाण्यातून आणि धुरातून काढून इमारत गरम करायला वापरतात. म्हणजे जनरेटर बंद पडला की दिव्यांबरोबर ऊबही जाते.

इंधन कोणतं हा पुढचा प्रश्न. भारतातलं साधं डिझेल इथे चालत नाही. थंडीत त्यातलं मेण स्फटिक होऊन बाहेर येतं आणि सगळ्यात आधी फिल्टर बुजवतं. इंजिन धडधडतं, ताकद सोडतं आणि बंद पडतं. पाहणाऱ्याला वाटतं पंप गेला. त्यामुळे खास थंडीसाठीचं डिझेल किंवा जेट ए-१ हे विमानाचं इंधन वापरतात, ज्याचा गोठणबिंदू उणे ४७ अंश आहे. दुसरा शत्रू इंधनातलं पाणी. टाकीत ओलावा जमतो, नळीच्या वळणावर त्याचा बर्फ होतो. उपाय जुनाच आहे: टाकीच्या तळाचा निचरा नेमाने करा, टाक्या शक्यतो भरलेल्या ठेवा आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर रोज पाहा.

जनरेटर बदलण्याचा क्रम ठरलेला असतो. तयार यंत्राचं ब्लॉक आधी गरम करायचं, ऑइलचा दाब पाहायचा, विनाभार चालवायचं, दोन्ही यंत्रं जुळवून घ्यायची, भार हळूहळू सरकवायचा आणि मग जुनं थोडा वेळ रिकामं चालवून बंद करायचं. थंड इंजिनावर एकदम भार टाकला तर घट्ट झालेलं ऑइल बेअरिंगपर्यंत वेळेत पोचत नाही. २५० तासांनी ऑइल बदलायचं असेल तर सलग चालणाऱ्या यंत्राला ते दर दहा दिवसांनी येतं. म्हणून मेकॅनिकचा हिवाळा शास्त्रज्ञाच्या हिवाळ्यापेक्षा जास्त भरलेला असतो.

चहूकडे बर्फ असताना पाण्याची टंचाई कशी?

बर्फ वितळवायला इंधन लागतं. उणे २० अंशांचा एक किलो बर्फ शून्याला आणून वितळवायला सुमारे ९० किलोकॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत एक लिटर थंड पाणी जवळजवळ उकळीला येतं. वाऱ्याने दाबलेला बर्फसुद्धा तीन बादल्या वितळवावा तेव्हा एक बादली पाणी मिळतं. दक्षिण गंगोत्रीवर हाच मार्ग होता: फावड्याने बर्फ भरायचा, टाकीत वितळवायचा. बर्फ आणायची जागा स्वच्छ आणि जनरेटरच्या धुराच्या उलट बाजूला हवी, नाहीतर चहाला डिझेलचा वास येतो.

मैत्रीसमोर प्रियदर्शिनी हे गोड्या पाण्याचं तळं आहे. हिवाळ्यात वर जाड बर्फ होतो, खाली पाणी राहतं, ते पंपाने ओढतात. भारतीत समुद्राचं पाणी घेऊन रिव्हर्स ऑस्मॉसिसने गोडं करतात. तिथलं समुद्राचं पाणी हिवाळ्यात उणे १.८ अंशांपर्यंत थंड असतं, आणि इतकं थंड पाणी पडद्यातून फार हळू जातं, म्हणून ते आधी कोमट करावं लागतं.

कुठलीही पद्धत असो, बिघाड पाइपमध्ये होतो. पाइपला इन्सुलेशन असतं आणि बाजूने तापणारी तार असते. वीज गेली की तार थंड, पंप बंद, आणि थांबलेलं पाणी लवकरच गोठायला लागतं. गोठताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं आणि पाइप सांध्यापाशी फुटतो. म्हणून वीज जाताच पहिलं काम म्हणजे निचऱ्याचा कॉक उघडून पाइप रिकामा करणं. गोठलाच, तर उघड्या टोकापासून मागे गरम करत जायचं. मधूनच गरम केलं तर वितळलेलं पाणी दोन्ही बाजूंच्या बर्फात अडकतं आणि पाइप तिथेच फाटतो. ब्लोटॉर्चला हात लावायचा नाही.

शौचालय आणि कचऱ्याचं काय?

माद्रिदमध्ये १९९१ ला झालेला पर्यावरण करार १९९८ पासून लागू आहे आणि आपल्याकडे २०२२ चा अंटार्क्टिक कायदा आहे. उघड्यावर काही जाळायचं नाही, खड्ड्यात काही पुरायचं नाही, माती आणायची नाही. स्लेजचे कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत सगळ्या देशांना हलवावे लागले. सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडतात. मैत्रीत मैला जाळून राख करणारी शौचालयं वापरली गेली. राख ड्रममध्ये भरून परत जाते. प्लास्टिक, धातू, काच, बॅटऱ्या, वापरलेलं ऑइल, सगळं वेगळं करून, वजन लिहून, जहाजाने परत. जुन्या काळी केंद्राच्या मागे कचऱ्याचे ढीग असत, बहुतेक सगळ्याच देशांच्या. ते साफ करायला नंतर कित्येक मोहिमा लागल्या.

जेवायला काय मिळतं?

डाळ, भात, पोळी, गोठवलेल्या भाज्या आणि मांस, डबाबंद पदार्थ, दूध पावडर. ताजी भाजी आणि फळं जहाज आल्यावर पहिले काही आठवडे, मग कांदे-बटाटे संपेपर्यंत. बटाटा साठवायला तिथे खोली गरम ठेवावी लागते. शून्याखाली गेला की तो गोडसर होतो, काळा पडतो आणि पाणी सोडतो. उलट उन्हाळ्यात चोवीस तासांच्या उन्हात बंद कंटेनर आतून तापतो, त्यामुळे ‘बाहेरच फ्रिज आहे’ या भरवशावर मांस ठेवता येत नाही.

मोड आणलेले मूग आणि मटकी हिवाळ्यात सोन्याच्या मोलाची. ताजं, कुरकुरीत आणि क जीवनसत्त्व देणारं दुसरं काही सहज मिळत नाही. जर्मनीच्या नॉयमायर केंद्राजवळ २०१८ मध्ये मातीविना शेतीच्या कंटेनरात साडेबारा चौरस मीटर जागेत साडेनऊ महिन्यांत २६८ किलो भाजी निघाली होती.

जहाज एका वर्षी पोचू शकलं नाही तर? त्यासाठी जास्तीचं धान्य आणि इंधन राखून ठेवतात आणि त्याचा काही भाग मुख्य इमारतीपासून दूर असतो.

हिमवादळात बाहेर जाता येतं का?

शक्यतो नाही. जावंच लागलं, समजा जनरेटरच्या खोलीत, तर केंद्रप्रमुखाला सांगून, नोंदवहीत वेळ लिहून, वॉकीटॉकी घेऊन, दोघं मिळून. इमारतींच्या मध्ये दोर बांधलेला असतो. एक हात सतत त्यावर. उडत्या बर्फात स्वतःचा पसरलेला हात दिसेनासा होतो आणि वाऱ्याच्या आवाजात दोन मीटरवरची हाक ऐकू येत नाही. दोर सुटला तर चालत राहू नका. खाली बसा, रेडिओवर सांगा, थांबा. दारापासून काही पावलांवर वाट चुकून माणसं गेल्याची उदाहरणं ध्रुवीय इतिहासात आहेत.

वाऱ्याचा हिशेब असा: हवा उणे २० आणि वारा ताशी ६० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३६ सारखं लागतं आणि दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. नाक, गाल, कानाच्या पाळ्या आधी पांढऱ्या पडतात आणि दुखायचं थांबतं, त्यामुळे ज्याचं त्याला कळत नाही. सोबत्याने सोबत्याचा चेहरा पाहत राहायचं. पांढरा डाग दिसला तर चोळू नका, उबदार तळहात धरा आणि आत या.

कपडे किती?

पातळ थर जास्त, जाड थर कमी. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धागा, सुती नाही, कारण घाम धरून ठेवलेला सुती गंजी थांबल्याबरोबर गार पडतो. बूट एक नंबर मोठे. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि बोटं आधी जातात. काम करताना घाम येण्याआधी एक थर काढा. काळा चष्मा ढगाळ दिवशीही घालायचा, बर्फावरून परतणाऱ्या प्रकाशाने डोळे भाजतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वर ओझोनचं छिद्र असतं, तेव्हा जास्त काळजी.

सर्वात मोठा धोका कोणता?

आग. बाहेरची अतिथंड हवा आत आणून तापवली की ती कमालीची कोरडी होते. लाकूड, गाद्या, कागद सगळं वाळतं, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. बाहेर वारा, विझवायला वाहतं पाणी थोडं, आणि इमारत गेली तर दुसरी नाही. १९८२ च्या एप्रिलमध्ये रशियाच्या व्होस्तोक केंद्रातलं वीजघर जळालं. एक जण गेला आणि बाकीच्यांनी जुळवाजुळव करून केलेल्या चुलींवर पृथ्वीवरचा सर्वात थंड हिवाळा काढला. २०१२ मध्ये ब्राझीलचं फेराझ केंद्र जळालं, दोघांचा जीव गेला.

म्हणून दुसरा निवारा मुख्य इमारतीपासून दूर असतो आणि त्यात स्लीपिंग बॅग, अन्न, रेडिओ, चूल, औषधं असतात. घंटा वाजली की ठरल्या जागी जमून डोकी मोजायची, वायुवीजन आणि इंधनाचा व्हॉल्व बंद करायचा, श्वसनयंत्र लावलेली जोडीच आत जायची. स्वयंपाकघरात धूर ओळखणारा सेन्सर फोडणीला रोज वाजतो आणि मग कोणीतरी तो काढून ठेवतो. हे कधीही करू नका. तिथे उष्णता ओळखणारा सेन्सर लावून घ्या.

आगीचा मूक भाऊ कार्बन मोनॉक्साइड. अमेरिकेचा रिचर्ड बर्ड १९३४ च्या हिवाळ्यात एकटा राहत असताना शेगडीच्या बर्फाने चोंदलेल्या धुराड्यामुळे मरता मरता वाचला. १९९० मध्ये हम्बोल्ट पर्वतरांगेत आपल्या मोहिमेतले चार जण तंबूत याच वायूने गेले. तंबूत किंवा झोपडीत शेगडी वा जनरेटर चालू असेल तर हवेची वाट उघडी ठेवायची, बाहेरून ती बर्फाने बुजली नाही ना हे पाहायचं आणि झोपण्याआधी सगळं बंद करायचं. डोकं दुखणं आणि मळमळ हे उंचीचं किंवा थकव्याचं लक्षण मानून झोपून जाऊ नका.

आजारी पडलं तर?

केंद्रावर डॉक्टर, छोटी शस्त्रक्रियेची खोली, एक्स-रे, औषधं असतात आणि उपग्रहामार्फत भारतातल्या तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. हिवाळ्यात विमान येईल हे गृहीत धरत नाहीत. मैत्रीच्या शेजारच्या नोव्होलाझारेव्हस्कायात ३० एप्रिल १९६१ रोजी लिओनिद रोगोझोव्ह या एकमेव डॉक्टरने स्वतःचंच अपेंडिक्स कापून काढलं. आरसा धरायला आणि हत्यारं द्यायला साथीदार होते; त्यांत एक हवामानतज्ज्ञ आणि एक ड्रायव्हर. पावणेदोन तास लागले. ऑस्ट्रेलिया आजही हिवाळ्यात राहणाऱ्या डॉक्टरांचं अपेंडिक्स आधीच काढायला लावते.

सहा महिने रात्र असते का?

ती ध्रुवावर. मैत्रीत सूर्य मेच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत, साधारण दोन महिने, उगवत नाही. पण २१ जूनलाही भर दुपारी तो क्षितिजाखाली चारेक अंशच असतो, म्हणून काही तास संधिप्रकाश मिळतो. झोप मात्र बिघडते. कोणी रात्रभर जागतं, कोणी बोलताना मध्येच हरवतं, किरकोळ गोष्टी आठवत नाहीत. उपाय म्हणजे जेवणाच्या वेळा. तिन्ही वेळचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, झोप लागली नसली तरी. एकटं, खोलीत ताट नेऊन जेवणारा माणूस दिसला की केंद्रप्रमुखाने त्याच दिवशी बोलावं.

घरच्यांशी बोलता येतं का? पत्र येतं का?

दक्षिण गंगोत्रीच्या काळात रेडिओ आणि महाग उपग्रह-संपर्क होता, पत्र वर्षातून एकदा जहाजाने. आता फोन, इंटरनेट, व्हिडिओ कॉल आहेत. घरची चिंता मात्र आता ताबडतोब पोचते आणि करता काहीच येत नाही. हे ओझं आधीच्या पिढीला कमी होतं. टपाल कार्यालय १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीवर सुरू झालं, मग मैत्रीवर, आणि एप्रिल २०२४ पासून भारतीवरही आहे. त्याचा पिन एमएच-१७१८. गोव्यामार्फत हे टपाल महाराष्ट्र परिमंडळात येतं.

स्त्रिया कधीपासून जातात?

१९८३-८४ पासून. नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता तिसऱ्या मोहिमेत होत्या. पूर्ण हिवाळा काढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री डॉ. कंवल विल्कू, २००० साली. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस राहिल्या.

शास्त्रज्ञ नसताना जाता येतं का?

येतं, आणि हिवाळ्याच्या तुकडीत अशा माणसांचा वाटा मोठा असतो. नवी मुंबईजवळ पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची किंवा हवामान खात्याची नोंद अखंड राहते ती मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्लंबर, सुतार, क्रेन चालक, आचारी आणि परिचारक यांच्यामुळे. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र कंत्राटी जागांच्या जाहिराती काढतं. निवड झाल्यावर सखोल वैद्यकीय तपासणी, हिवाळ्यासाठी मानसिक चाचणी आणि औलीला बर्फावरचं प्रशिक्षण असतं.

अर्ज करणाऱ्यांना एकच आग्रहाचा सल्ला: दातांचं सगळं काम निघण्याआधी पुरं करा. अर्धवट भरलेली दाढ, हलणारी टोपी, डोकावणारी अक्कलदाढ काहीही मागे ठेवू नका. तिथे दातांचा वेगळा डॉक्टर नसतो, आणि ठणकणारी दाढ घेऊन उणे ३० मध्ये पाइप मोकळा करावा लागतो.